एक घास डाव्या बाजूचा

आमच्या प्रीतमला गिटार वाजवताना पाहिलेली माणसं डोंबिवलीत पुष्कळ आहेत. त्याचं तोंड पाहिलेली फार कमी.

प्रीतम माझा धाकटा दीर. ‘फाटक बंद’ नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. आणि वाजवतो म्हणजे असा वाजवतो, की समोरच्या ब्लॉकमधल्या आजी, ज्यांना गिटार म्हणजे सतारीचं वाया गेलेलं भावंड वाटतं, त्याही संध्याकाळी दार किलकिलं ठेवून ऐकतात. पण हाच मुलगा स्टेजवर चढला की लोकांकडे पाठ करतो. सरळ पाठ. पहिल्या गाण्याला जो स्पीकरच्या काळ्या खोक्याकडे तोंड करून उभा राहतो, तो शेवटच्या टाळीपर्यंत तसाच. विचारलं तर म्हणतो, “आवाज सेट करत होतो.”

“कार्यक्रमभर?”

“खोका जुना आहे, वहिनी.”

गणपतीत मानपाड्याच्या एका मंडळात त्यांचा कार्यक्रम झाला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोठ्या कौतुकाने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. सावर्ड्याच्या आत्यांचं लगेच उत्तर आलं, “प्रीतम कुठे दिसला नाही गो. त्याचा निळा शर्ट मात्र कोणीतरी घातलाय. मागून बरा वाटतो मुलगा. कोणाचा?”

आईंनी लिहिलं, “आपलाच आहे.”

“मग स्थळं बघायला हरकत नाही. फोटो समोरून पाठव.”

आम्ही सगळे लोळून हसलो. प्रीतमही हसला, पण खिडकीकडे वळून.

हे असंच गमतीगमतीत चाललं असतं. पण जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सुशांत घरी आला. सुशांत या बँडचा गायक, बँड उभा केला त्यानेच. आला, पोहे खाल्ले, परत घेतले, लिंबू मागितलं, आणि मग बशी खाली ठेवून म्हणाला, “वहिनी, ठाण्यात घोडबंदर रोडला शो मिळालाय. मोठ्ठा. एका कॉम्प्लेक्सचा वार्षिक कार्यक्रम. सगळे टॉवर खाली उतरतात. त्यांच्या कमिटीच्या काकांनी आमचा व्हिडिओ बघून फोन केलेला. म्हणाले, सगळं उत्तम आहे, फक्त तो पाठमोरा मुलगा तुमच्यावर नाराज आहे का?”

मला हसू आलं. सुशांतला आलं नाही.

“मी कल्याणच्या परशुरामला विचारून ठेवलंय,” तो म्हणाला.

प्रीतमच्या हातातला कप बशीवर वाजला.

परशुराम हाही गिटारवाला. स्टेजवर त्याचं नाव पॅरी. त्याचे व्हिडिओ मी पाहिलेत. तो तार पिळून सूर जुळवतानासुद्धा उडी मारतो.

“अरे, पण चाली सगळ्या प्रीतमच्या आहेत,” मी म्हटलं. “त्याला त्या येतात तरी का?”

“नाही येत. म्हणून तर मला पण नकोय तो. पण वहिनी, मी गायचं, मीच नाचायचं, मीच लोकांना हात करायचा. बाजूला ही भिंत. घोडबंदरला याने समोर तोंड करून वाजवलं तर विषय संपला, हाच आपला. नाही तर पुढच्या शोपासून पॅरी. सॉरी, प्रीतम. तुझ्या तोंडावर सांगतोय.”

“बरोबर आहे तुझं,” प्रीतम म्हणाला. त्याचे कान लाल, नजर फरशीवर.

सुशांत गेल्यावर तो गिटार मांडीवर घेऊन बसला, वाजवली नाही. मग हळूच म्हणाला, “वहिनी, ते नवीन गाणं आहे ना, त्याची मधली चाल मला सान्वी झाली त्या आठवड्यात सुचलेली. ती पॅरी वाजवणार?”

सान्वी माझी मुलगी, वर्षाची व्हायला आलेली. त्या वेळी ती प्रीतमच्या चपलेचा अंगठा चोखत होती. मी चप्पल सोडवली, तिने भोकाड पसरलं, आणि त्या भोकाडावर आवाज चढवून मी जाहीर केलं, “कोणी पॅरीबिरी नाही. मी शिकवते तुला.”

एवढी हिंमत कुठून आली म्हणाल, तर कॉलेजात मी एकांकिका करायचे. अभिनयाचं बक्षीस आहे मला. त्याची ट्रॉफी सध्या सान्वीचे दात यायच्या कामी आहे.

पहिला धडा आरशासमोर. कपाटाच्या आरशात बघून वाजवायचं, नजर उचलून. प्रीतमने स्वतःकडे एकदा पाहिलं आणि लाजला. स्वतःला! “तो बघतोय माझ्याकडे,” म्हणाला. मी कपाटाचं दार उघडून आरसा भिंतीकडे केला.

दुसरा धडा कपड्यांसमोर. बाल्कनीतला वाळत घालायचा स्टँड हॉलमध्ये आणला. पुढच्या रांगेत आईंचा गाऊन आणि बाबांचे बनियन, मागे माझ्या नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट, अगदी वर सान्वीची झबली. “हे तुझे प्रेक्षक. निर्जीव आहेत. काही बोलणार नाहीत.” प्रीतमने कशीबशी मान वर केली. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने बाबांचा बनियन हलला. झालं, हा वळला भिंतीकडे.

“अरे, बनियन आहे तो!”

“बाबांचा आहे पण.”

बाबांना हे ऐकू गेलं. महिपतराव, माझे सासरे, एमआयडीसीतल्या कंपनीत जन्म काढलेला माणूस. मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय अजून गेलेली नाही. आतून ओरडले, “छाती पुढे काढ, छाती! माणूस छातीने उभा राहतो!” प्रीतमने छाती काढली. त्यामुळे गिटार इतकी पुढे गेली की हात तारांपर्यंत पोचेनात.

सुमित, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, “याला उलटं उभं करा. पाठ स्टेजच्या भिंतीकडे कर म्हणावं, आपोआप तोंड पुढे येईल.” घरात एक तरी माणूस असा असतोच, ज्याला सगळं सोपं वाटतं.

मग आईंनी सूत्रं हातात घेतली. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडेच होतं. “बायका आपल्याच आहेत, लाजायचं काय? ये आणि दोन गाणी वाजव.” बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण म्हणून प्लॅस्टिकच्या गाळण्या वाटून झाल्या, आणि आईंनी हाक मारली. गिटार वाजायला लागली. सुरेख वाजत होती. बायका माना डोलावत होत्या. फक्त वाजवणारा दिसत नव्हता. कोणीतरी आईंना म्हणालं, “नंदाताई, रेडिओ कुठे ठेवलाय हो?” मी स्वयंपाकघरात गेले तर प्रीतम फ्रीजकडे तोंड करून, डोळे मिटून, तल्लीन. एक काकू माझ्या मागोमाग आलेल्या. त्यांनी त्याला पाठीकडून नीट न्याहाळलं आणि माझ्या कानात विचारलं, “पत्रिका आहे का?”

त्या दिवशी मात्र प्रीतम माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “सोड ना वहिनी. पॅरी चांगला आहे. मी त्याला चाली शिकवून येतो.”

मला एकदम भरून आलं. जो मुलगा स्वतःची जागा सोडायला निघालाय, तो जाताना चालीही नीट समजावून जाणार. पण तेवढ्यात सान्वीची जेवायची वेळ झाली आणि सान्वीची जेवायची वेळ ही आमच्या घरातली एक आपत्ती असते.

माझी लेक जेवत नाही. सगळ्या आया हेच म्हणतात, मला ठाऊक आहे. पण माझी खरंच जेवत नाही. ओठ असे मिटते की तिथे कधी तोंड होतं की नाही शंका यावी. त्या दिवशी वरणभाताची वाटी घेऊन मी तिच्या मागे डायनिंग टेबलाखाली शिरले. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, दोन्ही माझ्या खांद्यावर सांडले. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून मी वाटी प्रीतमच्या पुढ्यात ठेवली. “बघ रे जरा, जाते का पोटात.”

फोन माझ्या आईचा होता, म्हणजे लवकर संपणारा नव्हता. मी बेडरूममधून हं हं करत होते, आणि हॉलमधून गिटार ऐकू यायला लागली. मग प्रीतमचा आवाज. “आऽऽ कर! आऽऽ कर बाळा! हा घास काऊचा!” टणटणटण. “हा चिऊचा!” टिणटिणटिण.

फोन कानाला तसाच धरून मी दारात आले.

प्रीतम हॉलभर नाचत होता. भुवया केसांत गेलेल्या, डोळे बशीएवढे. सान्वी सोफ्याच्या डावीकडे रांगली की हा गिटारसकट डावीकडे झुकायचा, उजवीकडे गेली की उजवीकडे. ती टेबलाखाली शिरली तर हा गुडघ्यांवर घसरत टेबलापर्यंत गेला, तारा छेडतच. मग एकदम थांबला. हात वर, सगळं शांत. सान्वीने काय झालं म्हणून मान बाहेर काढली, तोंड उघडं पडलं, आणि ह्याने एका हाताने घास आत सारून दुसऱ्या हाताने असा काही झणत्कार केला की पोरगी घास गिळून खदखदून हसली.

वाटी रिकामी होती.

“आई, तुला नंतर करते,” म्हणत मी फोन ठेवला. “प्रीतम! हे काय होतं?”

तो दचकला, लगेच पाठ करू लागला. मी खांदे धरून त्याला सरळ केलं.

“तिच्यासमोर कसं जमतं तुला हे?”

“तिच्यासमोर काय लाजायचं? ती थोडीच मला बघते.”

“टक लावून बघत होती रे!”

“बघत असेल. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे असतं. घास जातो की नाही, एवढंच डोक्यात असतं.”

हेच ते. एकांकिकेच्या तालमीत आमचे सर घसा फोडून जे सांगायचे आणि मला कधी कळलं नव्हतं, ते हा वरणभाताने माखलेला मुलगा सहज बोलून गेला होता. मला इतका आनंद झाला की मी सान्वीला उचलून गरागरा फिरवली. तिने थोडा वरणभात परत दिला, तोही माझ्याच खांद्यावर.

“प्रीतम, ऐक. ते घोडबंदरचे लोक आहेत ना, ते तुला बघायला येणारच नाहीत. ते उपाशी आहेत. जेवत नाहीत ते. तोंड मिटून बसलेत सगळे. तू फक्त भरवायचं.”

“वहिनी, काहीही.”

“डाव्या बाजूला बसलेले सगळे काऊ. उजव्या बाजूचे चिऊ. मागे उभे असतात ते माऊ. चालीचा एक तुकडा म्हणजे एक घास. घास एकाच तोंडात कोंबायचा नाही, सगळ्यांना द्यायचा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कान लाल झाले नव्हते. मी मुद्दाम बघितले.

बँडची तालीम मानपाड्याला समृद्धीच्या घरामागच्या गाळ्यात होते. समृद्धी ड्रम वाजवते. तिथलीच आगरी, वडिलांचा मोठा बंगला, एकुलती पोर. पोरीने ड्रम मागितले, वडिलांनी ड्रमही दिले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून गाळाही दिला. पुढच्या तालमीला मी सान्वीला घेऊन गेले. तिच्या कानांवर आवाज अडवणारे गुबगुबीत गुलाबी हेडफोन, गळ्यात लाळेरं, माझ्या हातात खिचडीचा डबा.

सुशांतने कपाळाला हात लावला. “वहिनी, हा रॉक बँड आहे.”

“असू दे. तू गा.”

सान्वीला उंच खुर्चीत मधोमध बसवलं. गाणं सुरू झालं. प्रीतम आधी खोक्याकडे वळला, सवयीने. समृद्धीने ड्रमची काडी त्याच्या पाठीत खुपसली. “आरं, कनाला लाजतंस? पोर उपाशी हाय नं!”

तो वळला. सान्वीने ओठ मिटले. आणि बघता बघता त्या गाळ्यात माझ्या हॉलमधला प्रीतम उभा राहिला. सुशांतने गाता गाता तोंड उघडलं ते मिटेना. ओळ चुकला. समृद्धी ड्रमवरून ओरडली, “याला पण दे रे एक घास!”

ठरलं मग. कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणजे बरोब्बर सान्वीच्या जेवणाच्या वेळी. मी तिला पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, मांडीवर घेऊन बसणार. भुकेली. प्रीतमने तिच्या तोंडाकडे बघायचं, तिथून डावीकडे, तिथून उजवीकडे. घरात सगळ्यांना ताकीद दिली, त्या दिवशी दुपारनंतर सान्वीला कोणी काही खायला द्यायचं नाही. आईंना हे जड गेलं. “लेकराला उपाशी ठेवून कसली गाणी?” पण मुलाचा प्रश्न होता. कबूल झाल्या.

कार्यक्रमाच्या रविवारी आम्ही सगळे सुमितच्या गाडीत कोंबून निघालो. पुढे बाबा, मागे आई, मी, सान्वी आणि प्रीतम, आणि आम्हा सगळ्यांच्या मांडीवर आडवी गिटार. माजिवड्यापर्यंत झकास आलो. माजिवड्याला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे नुसते लाल दिवे. घोडबंदर रोडने जाणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं, तो रोडवर राहायलाच आलेला असतो. सान्वी किरकिरायला लागली. मी खूश. भूक लागली, छान. मी आणि प्रीतम मागे बसून चालीचे घास वाटत होतो, हा काऊचा, हा चिऊचा. सान्वी जास्तच रडायला लागली तशी बाबांनी हात मागे केले, “दे इकडे, मी घेतो.” मी दिली. रडं थांबलं. मला वाटलं, वा, आजोबांचा हात लागला की कशी गप्प होते.

कॉम्प्लेक्सच्या गेटशी उतरले तेव्हा बाबांच्या मांडीवर केळ्याची सालं होती. आणि सान्वी गाढ झोपलेली. तोंडाला केळं, चेहऱ्यावर स्वर्ग.

“बाबा!”

“अगं, रडत होती,” ते म्हणाले. “मी कितीदा विचारलं तिला, भूक आहे का. आऽऽ करायला लागली. मग काय करू?”

माझी पोर! जन्मात कधी आपणहून तोंड उघडलं नाही, ते आज माजिवड्याला उघडलं.

प्रीतमने तिच्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे. स्टेज केवढं, त्यावर दिव्यांची कमान, खाली खुर्च्यांचा समुद्र. डावीकडे ऑर्किड टॉवरवाले, उजवीकडे ट्युलिप टॉवरवाले, मध्ये रुंद वाट सोडलेली, कारण पार्किंगवरून या दोघांचं वर्षभर वाजलेलं होतं. आणि स्टेजच्या पायरीशी चमचमतं जाकीट घालून, स्वतःची गिटार गळ्यात अडकवून पॅरी उभा. संध्याकाळी गॉगल.

“नुसता बघायला आलोय, भाई,” तो प्रीतमला म्हणाला आणि उभ्या उभ्या एक छोटी उडी मारली.

प्रीतमचे कान पेटले. “वहिनी, ती झोपली.”

“हे जागे आहेत ना,” मी म्हटलं. “चल. वाढून ठेवलंय.”

मधल्या खुर्चीत जाऊन बसले. मांडीवर झोपलेली सान्वी, तिच्या कानांवर गुलाबी हेडफोन, पायाशी खिचडीचा बिनकामाचा डबा. पहिलं गाणं सुरू झालं. प्रीतम खोक्याकडे तोंड करून. दुसरं गाणं. प्रीतम खोक्याकडे तोंड करून. माझ्या बाजूला बसलेले कमिटीचे काका बायकोला म्हणाले, “बघ, नाराजच आहे तो.” स्टेजच्या पायरीशी पॅरीने गिटारचा पट्टा नीट केला. समृद्धी हात लांब करकरून प्रीतमच्या पाठीपर्यंत काडी पोचते का बघत होती. पोचत नव्हती, स्टेज फार मोठं होतं. सुशांतने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

तिसरं गाणं ते नवीन. सान्वीच्या आठवड्यातलं. मधली चाल आली, तसा सुशांत पाणी प्यायला माइक सोडून कडेला गेला, आणि ती चाल वाजायला लागली. ती ऐकली की मला दवाखान्यातली ती पहिली सकाळ आठवते, दुपट्यातून बाहेर आलेली ती एवढीशी मूठ. बहुतेक प्रीतमलाही आठवत असावी, कारण त्याने मान वळवली. फक्त मान. सान्वी कुठे आहे ते बघायला.

सान्वी झोपलेलीच. पण बाळाला भरवताना आई काय करते पाहिलंय? घास बाळाच्या तोंडापाशी नेते आणि स्वतःचं तोंड उघडते. कोणालाही बघा, करतेच. मला कळलंसुद्धा नाही. प्रीतमची नजर माझ्याकडे आली आणि मी, सगळ्या टॉवरच्या देखत, सिल्कची साडी नेसून, जबडा दुखेपर्यंत तोंड उघडून बसले होते. “आऽऽऽ.”

प्रीतमचं हसू फुटलं. तो वळला. सगळा वळला. भुवया केसांत गेल्या, दोन ढांगांत पुढे आला, नेमका सुशांतच्या माइकपाशी, आणि घरच्यासारखा, अगदी घरच्यासारखा ओरडला, “आऽऽ कर बाळा!”

माइक चालू होता.

ते “आऽऽ कर बाळा” ऑर्किडवर आपटलं, ट्युलिपवर आपटलं, आणि वरच्या मजल्यांवरून परत आलं. क्षणभर सगळं गप्प. प्रीतमचा हात तारांवर थिजला. मला त्याचे कान दिसत होते. आता पळतो हा, थेट डोंबिवलीपर्यंत.

तेवढ्यात ऑर्किडच्या बाजूने, मागच्या रांगेतून, एका आजींचा खणखणीत आवाज आला. “आऽऽऽऽ!”

लोक हसले. दोनचार पोरांनी री ओढली, “आऽऽऽ!” प्रीतमने त्या दिशेला पाहिलं. उघडी तोंडं. उघडं तोंड दिसल्यावर त्याला राहवतंय थोडंच? घास दिलाच त्याने. टणटणटण! “हा काऊचा!”

“आऽऽऽ!” सगळी ऑर्किडची बाजू.

“हा चिऊचा!” टिणटिणटिण, उजवीकडे झुकून.

ट्युलिपवाले मागे राहतात होय? पार्किंगचा सगळा राग त्यांनी त्या “आ”मध्ये ओतला. ऑर्किडवाले उभे राहिले. मग ट्युलिपवाले खुर्च्यांवर उभे राहिले. मागे गेटशी वॉचमन होते, त्यांना माऊचा घास गेला, त्यांनीही टोप्या सांभाळत आऽऽ केलं. समृद्धीने ड्रमवर असा काही कहर केला की तिचे केस सुटले. सुशांत पाण्याची बाटली घेऊन धावत आला, माइक मागायला हात पुढे केला, आणि प्रीतमने त्याच्याकडे वळून, डोळे वटारून, “तू पण! आऽऽ कर!” केलं. सुशांतने निमूट केलं. मग गुडघ्यांवर घसरत पार स्टेजच्या टोकाला येऊन प्रीतम थांबला. हात वर. सगळं शांत. सगळे टॉवर तोंड उघडून बसलेले.

त्या शांततेत सान्वी जागी झाली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एवढी सगळी उघडी तोंडं पाहिली, आणि तिला वाटलं असावं की जगात हीच पद्धत आहे. तिनेही आऽऽ केलं. प्रीतमने तिला बघितलं, आणि शेवटचा घास तिच्या नावाने असा वाजवला की माझ्या शेजारचे कमिटीचे काका खुर्चीसकट मागे गेले.

टाळ्या थांबेनात. बाबा मागच्या रांगेतून ओरडत होते, “छाती बघा! छाती बघा त्याची!” आईंनी व्हिडिओ काढला होता आणि तो तिथल्या तिथे सावर्ड्याला गेलाही होता. “समोरून आहे,” एवढंच खाली लिहून.

कार्यक्रम संपल्यावर पॅरी सुशांतपाशी आला. गॉगल काढलेला. “भाई, ते घासवालं काय होतं? मला शिकव ना. माझं कधीपासून आहे मग? पुढच्या शोला?”

सुशांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी प्रेमाने.

“तू जेवून जा,” म्हणाला.

जेवण खरंच होतं. लॉनवर पावभाजी, पुलाव, जिलबी. ऑर्किडच्या आणि ट्युलिपच्या बायका प्रीतमला शोधत फिरत होत्या. कोणाला फोटो हवा होता, कोणाला मुलासाठी क्लास, आणि एका काकूंनी माझ्या कानाशी येऊन पत्रिकेचं विचारलंच. पण प्रीतम कुठे दिसेना.

मी सान्वीला कडेवर घेऊन शोधायला निघाले. पंप रूमच्या मागे सापडला. पावभाजीची प्लेट हातात, भिंतीकडे तोंड करून, एकटाच जेवत होता. पाठमोरा. कान टोमॅटोसारखे.

“अरे, आता काय?”

“आवाज सेट करतोय,” तो भिंतीला म्हणाला.

सान्वीने माझ्या कडेवरून हात लांब करून त्याच्या प्लेटमधला पावाचा तुकडा उचलला. मला वाटलं, खाते की काय! नाही. ती सगळी पुढे वाकली, तो लोण्याने माखलेला तुकडा तिने त्याच्या लाल कानापाशी नेला आणि स्वतःचं तोंड हे एवढं उघडलं.

“आऽऽ,” ती म्हणाली.

प्रीतम वळला.